फ्लोचार्ट भिंतीवर आहे, तरी डिस्पॅच परत लेट? बाणांचा वेळ तपासा

अडचण साधारण अशी असते. माल वेळेवर जात नाही म्हणून सगळे एकत्र बसतात, कामाचा फ्लोचार्ट काढतात, दोन-चार बदल ठरवतात. महिना-दीड महिना सगळं सुरळीत चालतं. मग पार्टीचा फोन येतो, लॉट कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि शोधाशोध केल्यावर तो इन्स्पेक्शनच्या टेबलाखाली सापडतो. पुन्हा मीटिंग, पुन्हा फ्लोचार्ट.

नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात आणि ठाण्यात वागळे इस्टेटला लहान-मध्यम कारखान्यांच्या कामाची घडी बसवण्याचं काम मी करते. हा प्रकार इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता भिंतीवरचा फ्लोचार्ट बघूनच अंदाज येतो. त्यात कामं सगळी असतात. कटिंग, टर्निंग, ड्रिलिंग, इन्स्पेक्शन, प्लेटिंग, पॅकिंग, एकही सुटलेलं नसतं. नसतं ते वाट पाहणं. आणि लॉटचं बहुतेक आयुष्य वाट पाहण्यातच जातं. त्यामुळे चौकटी कितीही सुधारल्या तरी दुखणं बाणांमध्ये तसंच राहतं आणि थोड्या दिवसांनी परत वर येतं.

आधी हे बघा: आकृती कोणत्या दिवसाची आहे?

बहुतेक फ्लोचार्ट ऑडिटच्या तोंडावर काढलेले असतात. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाची २०१५ ची आवृत्ती कलम ४.४ मध्ये मागते, की तुमच्या प्रक्रिया कोणत्या, त्यांचा क्रम काय, एकीचा दुसरीशी संबंध काय, हे ठरवा. फ्लोचार्टच काढा असं त्यात म्हटलेलं नाही. पण ऑडिटरला दाखवायला आकृती सोपी पडते म्हणून ती काढली जाते, आणि दाखवायचीच म्हटल्यावर ती 'जसं व्हायला हवं' तशी निघते. ती असू द्या, तिचं काम वेगळं आहे. दुरुस्तीसाठी दुसरी काढावी लागते, मागच्या आठवड्यात खरोखर जसं झालं तशी.

त्यासाठी प्रश्न बदला. "माल इन्स्पेक्शनला कसा जातो?" असं विचारलंत की उत्तर येतं, "लगेच जातो." कुणी खोटं बोलत नसतं, माणूस नियम सांगत असतो. "शेवटचा कुठला लॉट गेला आणि कधी गेला?" असं विचारा. मग माणूस जॉब कार्ड, म्हणजे लॉटसोबत फिरणारं नोंदीचं कार्ड, शोधतो, रजिस्टर उघडतो, शेजारच्याला हाक मारतो. ती हाकसुद्धा आकृतीत यायला हवी.

चालायचंही उलटं. डिस्पॅचच्या दारापासून सुरुवात करून कच्च्या मालाच्या रॅकपर्यंत मागे मागे जा. पुढच्या दिशेने चाललात तर प्रत्येक जण आपण काय पाठवलं ते सांगतो. मागच्या दिशेने गेलात तर कशासाठी थांबलोय ते सांगतो. आपल्याला दुसरं हवं आहे.

एका कारखान्यात सुपरवायझर सांगत होते की मशीनवरून उतरलेला लॉट त्याच शिफ्टला तपासला जातो. इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी दोन निळे क्रेट होते. तिथल्या ताईंना विचारलं, "हा लॉट कधीचा?"

"मंगळवारचा असेल, मॅडम."

"आज गुरुवार. अडलंय कशाने?"

"जॉब कार्ड नाही आलं. कार्डाशिवाय रिपोर्टवर नंबर काय टाकू?"

कार्ड मशीनवर क्लिपला अडकवलेलं होतं. ऑपरेटरने ते मुद्दाम ठेवलं होतं, कारण त्या लॉटचे बारा पीस सेटिंग बदलून परत घ्यायचे होते. कार्ड सोडलं तर ते बारा पीस कुठल्या नंबरवर दाखवायचे, हा त्याचा प्रश्न. ताईंचं बरोबर, ऑपरेटरचं बरोबर, आणि सुपरवायझरचंही बरोबर, कारण कार्ड वेळेवर आलं की लॉट खरंच त्याच शिफ्टला तपासला जात होता. भिंतीवरच्या आकृतीत 'टर्निंग' आणि 'इन्स्पेक्शन' या चौकटींमध्ये बोटाच्या पेराएवढा बाण होता. दोन दिवस त्या बाणात गेले होते.

चिन्हं जुनीच वापरा, त्यांत थांबण्याला जागा आहे

ऑफिसात आपण जी चिन्हं वापरतो, म्हणजे कामासाठी चौकट, निर्णयासाठी शंकरपाळी, सुरुवात-शेवटासाठी लंबगोल, ती संगणकाच्या कामासाठी पक्की झालेली आहेत. आयएसओ ५८०७ हे १९८५ चं मानक त्याचंच आहे. प्रोग्रॅममध्ये एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जायला वेळ लागत नाही, म्हणून बाणाला काही अर्थ द्यायची गरज त्या पद्धतीला पडत नाही. कारखान्यात तीच पद्धत उचलली की थांबणं कागदावरून गायब होतं.

कारखान्यासाठीची चिन्हं त्याहून जुनी आहेत. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ साली तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे 'प्रोसेस चार्ट' मांडले. पुढे १९४७ मध्ये त्याच संस्थेने पाच चिन्हं ठरवून दिली: कामासाठी वर्तुळ, ने-आण करण्यासाठी बाण, तपासणीसाठी चौकोन, थांबण्यासाठी इंग्रजी डी अक्षर, आणि साठवणीसाठी उलटा त्रिकोण. या पद्धतीत बाणसुद्धा एक काम आहे, त्याला अंतर लिहावं लागतं. थांबण्याला स्वतःचं चिन्ह आहे, त्याला वेळ लिहावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही रबाळ्याच्या गाळ्यात जशीच्या तशी चालते. इंग्रजी डी नको वाटत असेल तर सरळ लाल 'थां' लिहा. तिथे लाल रंग दिसला पाहिजे, एवढंच महत्त्वाचं.

एक लॉट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सगळ्या पार्टांची आकृती एकदम काढायला जाऊ नका. जो पार्ट वारंवार लेट होतो तो एक घ्या, त्याचा एक लॉट निवडा, आणि जॉब कार्डाच्या मागे प्रत्येक टप्प्याला दोन वेळा लिहायला सांगा: माल आला ती वेळ आणि काम सुरू झालं ती वेळ. काम संपल्याची वेळ बहुतेक ठिकाणी आधीच लिहिली जाते. 'आला' ही वेळ जवळजवळ कुठेच लिहिली जात नाही. सगळी गंमत तिच्यातच आहे.

उदाहरण म्हणून ४०० पीसांचा, झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) बाहेरून होणारा एक लॉट घेऊ. आकडे हिशोबाला सोपे घेतले आहेत, पण चित्र नेहमी दिसणारं आहे. प्रत्यक्ष काम: कटिंग २ तास, टर्निंग ७, ड्रिलिंग-टॅपिंग ४, डीबरिंग (धारेवरची कस काढणं) दीड, तपासणी १, प्लेटिंग ३, शेवटची तपासणी १, पॅकिंग अर्धा. बेरीज २० तास. लॉट बाहेर पडला अकराव्या दिवशी. एक साप्ताहिक सुट्टी धरा, शिफ्ट आठ तासांची, म्हणजे कामाचे १० दिवस, ८० तास. रात्र आणि सुट्टी आधीच वगळली आहे, तरी ६० तास लॉट नुसता थांबला होता.

आता ते ६० तास बाणांवर वाटा. टर्निंग ज्या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होतं त्या सीएनसीच्या आधी १४. ड्रिलिंगच्या आधी ५, डीबरिंगच्या आधी ३. तपासणीच्या आधी ११. तपासणी झाल्यापासून टेम्पो निघेपर्यंत १३. प्लेटिंगवाल्याकडे जाणं, तिथे थांबणं आणि परत येणं यात १०. शेवटच्या तपासणीआधी २ आणि पॅक होऊन गाडीची वाट बघण्यात २.

मीटिंगमध्ये पहिला उपाय कोणता निघतो? सीएनसीचा सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, कमी करा. नवा इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं पातं), नवा प्रोग्रॅम, आणि टर्निंग ७ तासांवरून ५ वर. मेहनत खरी आहे, ऑपरेटरचं कौतुक व्हायलाच हवं, पण लॉटचे ८० तास ७८ होतात. शिवाय हे दोन तासही बहुतेक वेळा पुढच्या रांगेत विरतात. उलट तपासणीआधीचे ११ आणि टेम्पोआधीचे १३ मिळून २४ तास कमी करायला मशीन विकत घ्यावं लागत नाही.

दर वेळी मशीनवर इलाज आणि थांबा तसाच, हे दुखणं परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण मला वाटतं.

टेम्पोचे १३ तास: पट्ट्यांची आकृती इथे काढा

लांब कागद घ्या, ब्राऊन पेपर चालतो. त्यावर आडवे पट्टे आखा, प्रत्येक माणसाला किंवा विभागाला एक: तपासणी, सुपरवायझर, ऑफिस, टेम्पोवाले, प्लेटिंगवाले. काम ज्याच्याकडे असेल त्याच्या पट्ट्यात ते लिहा. मग बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात जिथे जिथे उडी मारतो तिथे लाल खूण करा.

वरच्या लॉटचं असं निघतं. ताई तपासणी पूर्ण करून रजिस्टरमध्ये लिहितात. सुपरवायझर संध्याकाळी राउंडला रजिस्टर बघतात. ते ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अमुक लॉट रेडी' टाकतात. ऑफिस तोवर बंद होत आलेलं असतं, चलान दुसऱ्या दिवशी सकाळी निघतं. मग टेम्पोवाल्या भाऊंना फोन. ते म्हणतात, "अजून एक पार्टीचा माल येतोय, गाडी भरली की येतो." दुपार होते. चार उड्या, आणि प्रत्येक उडीत कुणीतरी कुणाच्या तरी कळण्याची वाट पाहतंय. पट्ट्यांच्या आकृतीचा फायदा हाच, की थांबा कुणा एकाच्या पट्ट्यात सापडत नाही, पट्ट्यांमधल्या रेघेवर सापडतो. त्यामुळे 'चूक कुणाची' हा वाद तिथे टिकत नाही.

चलान आणि ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीत काढायचं ऑनलाइन बिल) यांचा भाग जरा बारकाईने काढा, कारण तिथे खरा अडथळा आणि मानलेला अडथळा यांची सरमिसळ असते. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, माल डिलिव्हरी चलानवर पाठवता येतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा माल एक वर्षात परत यायला हवा, तिथे सहसा अडत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा एक लाख रुपयांची आहे. लॉटची किंमत त्याखाली असेल तर बिलासाठी थांबायचं कारणच नाही, तरी काही ऑफिसांत सवयीने थांबतात. किंमत वर जात असेल तेव्हाही 'गाडीचा नंबर आल्यावर बिल करू' असं म्हणून अख्खं बिल अडवलं जातं. गाडीचा नंबर फक्त भाग बीमध्ये लागतो. भाग ए आधी भरून ठेवता येतो, आणि त्याच्या क्रमांकावर भाग बी भरायला १५ दिवसांची मुदत असते. आकृतीत ही दोन कामं दोन वेगळ्या चौकटींत काढा. एक तपासणी सुरू होतानाच करता येते, दुसरी गाडी दारात आल्यावर दोन मिनिटांची.

मग उपाय असा ठरवता येतो. तपासणीच्या टेबलाशेजारी जमिनीवर पिवळ्या पट्टीने चौकोन आखायचा. तपासलेला क्रेट त्या चौकोनात गेला की चलान करायचं, मेसेजची वाट बघायची नाही. ऑफिसातल्या माणसाने दिवसातून दोन ठरलेल्या वेळी चौकोन बघायचा. आणि टेम्पो रोज ठरलेल्या वेळी, भरलेला असो वा अर्धा.

शेवटच्या मुद्द्यावर शेठ लोक अडतात, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. अर्ध्या टेम्पोचं भाडं खिशातून जातं. दोन गोष्टी बघा. एक, लॉट पाच दिवस आधी गेला तर पैसे किती आधी येतात आणि पार्टीची लेट डिलिव्हरीची कपात किती वाचते, हे भाड्याशेजारी लिहून काढा. दोन, शेजारच्या गाळ्यातला माल त्याच प्लेटिंगवाल्याकडे जात असेल तर वेळ दोघांनी मिळून ठरवा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात एकाच रस्त्यावर असे शेजारी हमखास सापडतात.

वेळ ठरवताना रस्ता विसरू नका. रबाळ्याहून वागळेला जायचं तर दिघा, विटावा, कळवा करत जा, नाहीतर ऐरोली पुलावरून मुलुंडला निघून हायवे पकडा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचलं की पहिला रस्ता गेलाच, आणि गर्दीच्या वेळी ठाण्यात शिरणं म्हणजे तास-दीड तास. जून ते सप्टेंबरसाठी आकृतीत बाणाचा वेळ वेगळा लिहा. तो न लिहिल्यामुळे मे महिन्यात बसलेली घडी जुलैमध्ये मोडलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

सीएनसीच्या आधीचे १४ तास: रांग का हटत नाही

हा थांबा निराळ्या जातीचा आहे. निरोप वेळेवर गेला तरी तो जात नाही, कारण मजल्यावर, म्हणजे कारखान्यात काम चालतं त्या जागेत, मालच जास्त आहे.

जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा संबंध इथे कामाला येतो: मजल्यावरचे लॉट भागिले रोज बाहेर पडणारे लॉट, बरोबर एका लॉटला सरासरी लागणारे दिवस. मजल्यावर ६० लॉट आहेत आणि रोज ६ बाहेर पडतात, तर प्रत्येक लॉटला सरासरी १० दिवस लागणार. सुपरवायझर ओरडला तरी १०, ओव्हरटाइम देऊन एक लॉट पुढे काढला तरी सरासरी १०, फक्त दुसरा कुठला तरी लॉट मागे पडतो. पाच दिवसांत माल हवा असेल तर रोजचं उत्पादन दुप्पट करा, नाहीतर मजल्यावर ३० च लॉट ठेवा. दुसरं जास्त सोपं आणि स्वस्त आहे.

करायचं कसं? ३० टोकन बनवा. पत्र्याचे, पुठ्ठ्याचे, काहीही. टोकन असल्याशिवाय कटिंगला नवा लॉट घ्यायचा नाही. लॉट पॅक झाला की टोकन कटिंगच्या खिळ्यावर परत. ६० वरून एकदम ३० वर येऊ नका, दर आठवड्याला चार-पाच टोकन काढून घ्या. कटिंगवाला मधूनच रिकामा बसलेला दिसेल आणि ते बघून मालकांचा जीव खालीवर होईल. त्या वेळात त्याला डीबरिंगला किंवा तपासणीच्या मदतीला लावा. मशीन रिकामं दिसू नये म्हणून आधीच माल कापून ठेवणं, हीच सवय रांग तयार करते. टोकन सुरू करून पंधरा दिवसांत बंद पाडणारीही हीच सवय, म्हणून टोकनांचा ताबा सुपरवायझरकडे न देता डिस्पॅच बघणाऱ्याकडे द्या.

एक अपवाद. सीएनसी एक मिनिटही रिकामं राहत नसेल आणि तरी तिच्यापुढची रांग वाढतच असेल, तर तिथे क्षमताच कमी आहे. आकृतीने ती वाढणार नाही. काम बाहेर द्या, दुसरी शिफ्ट लावा, किंवा पार्टीला खरी तारीख सांगा.

'नाही' चा बाण कुठे जातो?

आपल्या आकृतीतली प्रत्येक शंकरपाळी बोटाने तपासा. 'ओके?' मधून 'हो' चा बाण पुढे जातो. 'नाही' चा बाण बहुतेक आकृत्यांत 'रिवर्क' असं लिहिलेल्या चौकटीत जाऊन संपतो. त्या चौकटीतून बाहेर काहीच येत नाही. प्रत्यक्षात माल तर बाहेर येतो. कुठे येतो, कोणत्या कार्डावर येतो, परत तपासला जातो का, आणि तोवर उरलेला लॉट थांबतो की पुढे जातो? वर सांगितलेल्या कार्डाचा घोळ इथलाच होता. उपाय साधा निघाला: रिवर्कच्या पीसांना वेगळ्या रंगाचं छोटं कार्ड, त्यावर मूळ लॉटचा नंबर आणि एक उपक्रमांक. मूळ कार्ड क्रेटबरोबर पुढे जातं.

हा फाटा किती वापरला जातो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. प्रत्येक टप्प्यावर १०० पैकी ९५ पीस पहिल्या फटक्यात ओके असतील तर ऐकायला चांगलं वाटतं. असे चार टप्पे एकामागोमाग आले की कुठेही परत न जाता सरळ पार पडणारे पीस १०० पैकी ८१ च राहतात. म्हणजे पाचातला जवळजवळ एक पीस कुठे ना कुठे 'नाही' च्या बाणावरून गेलेला असतो. एवढी रहदारी असलेला रस्ता आकृतीत अर्धवट सोडून चालणार नाही.

सुधारलेलं परत का बिघडतं

कारण आकृती लॅमिनेट होते. लॅमिनेट केलेल्या कागदावर कुणी पेन चालवत नाही. पार्टी बदलते, तपासणीचं गेज बदलतं, नवा मुलगा कामाला लागतो, आणि कागद मात्र जुन्याच दिवसांत राहतो. थोड्याच दिवसांत त्याच्याकडे कुणी बघेनासं होतं.

मी आता एकच गोष्ट आग्रहाने करायला लावते. ब्राऊन पेपरची आकृती कामाच्या जागीच टांगलेली ठेवायची, कोपऱ्यात तारीख आणि सांभाळणाऱ्याचं नाव. कुठलाही लॉट एका जागी एका शिफ्टपेक्षा जास्त थांबला की आकृतीत त्या जागेवर लाल ठिपका द्यायचा, शेजारी लॉट नंबर. ठिपका कुणीही द्यावा, हेल्परनेसुद्धा. परवानगी लागत नाही, थांबण्याचं कारणही लिहावं लागत नाही. महिनाअखेरीस ठिपके मोजायची गरज पडत नाही, नुसतं बघितलं की कळतं. सुरुवातीला ते सगळीकडे पसरलेले असतात. पहिला उपाय लागू पडला की एका जागेवरून कमी होतात आणि दुसऱ्या जागी दाट होतात. हे अपयश समजू नका. आधी मागच्या रांगेत दडलेला थांबा आता उघड झाला आहे. उपाय केलेल्या जागीच पुन्हा ठिपके आले, तर मात्र तो उपाय कुणीतरी वापरायचा बंद केला आहे. तिथे जाऊन का ते विचारा. बहुतेक वेळा कारण रास्त निघतं. पिवळ्या चौकोनावर कुणीतरी ट्रॉली उभी करू लागलेलं असतं आणि ट्रॉलीला दुसरी जागाच नसते.

ठिपक्यांची पद्धत एका अटीवर चालते. ठिपका बघून कुणाला बोलणी बसता कामा नयेत. पहिल्या आठवड्यात एखाद्याला सगळ्यांसमोर 'तुझ्याकडे पाच ठिपके' असं म्हटलंत की दुसऱ्या आठवड्यात आकृती स्वच्छ होते आणि माल मात्र अडलेलाच राहतो. म्हणूनच घड्याळ माणसाला लावू नका, क्रेटला लावा. ऑपरेटरच्या मागे वेळ लिहीत उभं राहिलं की तो त्या दिवशी वेगळंच काम करतो, आणि आपल्याबद्दल त्याचं मत कायमचं बिघडतं. कार्डावर मालाची वेळ लिहायला मात्र कुणाची हरकत नसते. मजल्यावरची बरीच मुलं हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी असतात, कंत्राटावर असतात. आकृतीतली नावं देवनागरीत, मोठ्या अक्षरात, ते मशीनला जे म्हणतात तीच लिहा. रजिस्टरमध्ये मशीनचा नंबर काहीही असो, सगळे तिला 'छोटी लेथ' म्हणत असतील तर आकृतीतही छोटी लेथ.

सॉफ्टवेअर आणि ऑफिसची कामं

कोणतं सॉफ्टवेअर वापरू, हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो. मजल्यासाठी ब्राऊन पेपर आणि चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या पुरतात, कारण त्या हलवता येतात आणि सहा जण एकदम उभे राहून हलवू शकतात. ड्रॉ डॉट आयओ किंवा व्हिजिओमध्ये एकच माणूस माउस धरतो आणि बाकीचे बघत बसतात. ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवणाऱ्या लोकांना काम समजावून द्यायचं असेल तर बीपीएमएन ही प्रक्रियांच्या आकृत्यांची चिन्हपद्धत शिकून घ्या. त्याची २.० आवृत्ती २०११ ची आहे, २०१३ पासून ते आयएसओ मानकही आहे, आणि सॉफ्टवेअरवाले ती भाषा वाचतात.

महापे-ऐरोलीच्या आयटी ऑफिसांत काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे क्रेटच्या जागी तिकीट, म्हणजे सिस्टीममध्ये नोंदवलेली तक्रार किंवा मागणी, असतं. तिकिटाला 'युजरकडे पेंडिंग' अशी अवस्था दिली की बऱ्याच सिस्टीममध्ये घड्याळ थांबतं आणि रिपोर्टमध्ये सगळं वेळेत झालेलं दिसतं. युजरला मात्र पाच दिवस लागलेले असतात. घड्याळ थांबवणाऱ्या सगळ्या अवस्था आधी शोधा आणि त्यांचे तास वेगळ्या रंगात काढा.

आणि बाहेरचा पट्टा

वरच्या लॉटमधले प्लेटिंगचे १० तास अजून बाकी आहेत. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग जे बाहेरून होतं, त्याची चौकट बहुतेक आकृत्यांत एकच आणि बंद असते. ती उघडायला एकदा त्यांच्याकडे जावं लागतं. आपला कागद सोबत न्या आणि त्यांचा पट्टा त्यांनाच भरू द्या. तिथले काका सहसा खुशीने सांगतात, कारण त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसतं. त्यांची टाकी दिवसातून ठरावीक वेळा भरते. अकराची बॅच चुकली की माल दुपारच्या बॅचला, तीही भरलेली असेल तर उद्यावर. "माझा लॉट लवकर करा" म्हणण्यापेक्षा बॅच किती वाजता भरते आणि त्याआधी माल हँगरवर लावायला त्यांना किती वेळ लागतो, ते विचारून घ्या. टेम्पोची रोजची वेळ ठरवताना ती वेळ शेवटून मागे मोजत या: बॅच, हँगर, उतरवणं, रस्ता, चलान, तपासणी. त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर कोणता लॉट आधी घ्यायचा, हे मग ताईंना कुणी सांगावं लागत नाही.